मजबुतीकरण : घराचे आणि घर बांधणाऱ्याचे

विनयपिटकातील चुल्लवग्गात वैशालीच्या एका गरीब शिंप्याची हकीकत आलेली आहे. त्या वेळी वैशालीत विहारांची बांधकामे चालू होती. जे उपासक भिक्षूंना चीवर, भोजन, औषध देऊ शकत, त्यांच्या कामावर भिक्षू देखरेख करीत आणि कसे बांधावे ते सांगत. या शिंप्याच्याही मनात आले की आपणही एक विहार बांधून द्यावा. त्याने स्वतः चिखल तुडवला, विटा रचल्या, भिंत उभी केली. परंतु ते कसब त्याला येत नव्हते. भिंत वाकडी झाली आणि पडली. त्याने पुन्हा बांधली, ती पुन्हा पडली. तिसऱ्यांदाही तेच झाले. तेव्हा तो चिडून बोलू लागला, की जे दान देतात त्यांना हे श्रमण शिकवतात, त्यांच्या कामावर लक्ष ठेवतात. मी गरीब, मला कोणी सांगत नाही. ही तक्रार तथागतांच्या कानावर गेली. त्यांनी शिंप्याला दोष दिला नाही. बांधकामाची जबाबदारी भिक्षूकडे रीतसर सोपवावी, आणि त्या भिक्षूने काम लवकर पुरे होईल व मोडतोड झालेला भाग दुरुस्त होईल हे पाहावे, असा नियम त्यांनी घालून दिला.

या हकीकतीत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. भिंत का पडली याचे कारण तेथे पूर्वजन्मीचे पाप किंवा देवाचा कोप असे दिलेले नाही; बांधणाऱ्याला कसब अवगत नव्हते, एवढेच सरळ कारण दिले आहे. आणि उपाय सांगितला तोही सरळ आहे : ज्याला पैसा नाही त्यालाही जाणकाराची देखरेख मिळाली पाहिजे. प्रस्तुत लेखात आपल्या निलंगा परिसरातील घरे आणि ती बांधणारे गवंडी, बिगारी, मजूर स्त्रिया यांचा विचार याच दृष्टीने करावयाचा आहे. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांची चूल बांधकामाच्या मजुरीवर पेटते. निलंगा, लातूर येथे काम नसेल तर माणसे पुणे, हैदराबाद गाठतात. दुसऱ्याची घरे ते बांधतात; त्यांचे स्वतःचे घर आणि स्वतःचे शरीर या दोन्हींची डागडुजी मात्र मागे राहते.

भिंती का पडल्या

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगावी लागत नाही. गणेश विसर्जन आटोपून लोक झोपले होते. चार वाजण्यास काही मिनिटे असताना किल्लारी परिसरात सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील औसा व निलंगा आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील उमरगा या तालुक्यांना सर्वाधिक तडाखा बसला. सुमारे ८ हजार माणसे गेली. ५२ गावे इतकी उद्ध्वस्त झाली की त्यांना नव्या जागी वसवावे लागले. तोपर्यंत भूकंपाच्या नकाशात आपला भाग सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात दाखवलेला होता. २००२ च्या नकाशात किल्लारी परिसर तिसऱ्या क्षेत्रात घातला गेला.

आज विद्यार्थी असलेल्या मुलामुलींना हा इतिहास वाटेल. पण २०२२ च्या सप्टेंबरात आपल्याच निलंगा तालुक्यातील हासोरी गावात जमिनीखालून आवाज येऊ लागले, सौम्य धक्क्यांची नोंद झाली, आणि ऐन पावसाळ्यात लोकांना घरात झोपण्याची भीती वाटू लागली. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोलीच्या बाजूला केंद्र असलेले धक्के नांदेड, परभणीपर्यंत जाणवले. धक्का केव्हा येईल हे कोणालाही आधी सांगता येत नाही. घर कसे आहे हे मात्र आजही पाहता येते.

किल्लारीनंतर आपल्याकडे दगडाचीच भीती बसली. दगडाने माणसे मारली असे लोक म्हणू लागले. आमच्या मते दगडावर हा आळ आहे. त्या घरांची रचना नीट समजून घेतली की खरे कारण कळते. जुनी भिंत दोन-अडीच फूट, वाड्यात तर चार-पाच फूटही जाड असे. दिसायला गढीसारखी भक्कम. परंतु ती एकसंध नसे. बाहेरचा एक पदर, आतला एक पदर, आणि दोहोंच्या मध्ये दगडगोटे व माती भरलेली. दोन्ही पदरांना एकमेकांशी जखडणारे आरपार दगड फारच थोडे, बहुधा नाहीतच. जोडणी मातीच्या चिखलाची. पावसाळ्यामागून पावसाळे गेले की ती माती सुटत जाई. हादरा बसला की बाहेरचा पदर बाहेर आणि आतला पदर आत, झोपलेल्या माणसांवर, असा कोसळला. कोपरेही एकमेकांत नीट गुंफलेले नसत, त्यामुळे चार भिंती चार दिशांना सुटल्या.

वर माळवदाचे ओझे. आपल्याकडे उन्हाळ्यात घर थंड राहावे म्हणून लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या घालून त्यावर माती, वर पांढरी, असा थर देण्याची रीत आहे. दर एक-दोन वर्षांनी गळती थांबवण्यासाठी नवी माती टाकायची. जुनी कोणी काढत नाही. आजोबांच्या वेळचा वीतभर थर नातवाच्या वेळी दीड हात होतो.

विद्यार्थी मित्रांनी पुढील हिशेब वहीत करून पाहावा. १० फूट बाय १२ फुटांची खोली म्हणजे १२० चौरस फूट, सुमारे ११ चौरस मीटर. त्यावर दीड फूट, म्हणजे ४५ सेंटिमीटर माती असेल तर ती सुमारे ५ घनमीटर भरते. कोरड्या दाबलेल्या मातीचे वजन घनमीटरला साधारण १६०० किलो धरले तर ८००० किलो झाले. म्हणजे ५० किलोची १६० सिमेंटची पोती आपण डोक्यावर रचून त्याखाली झोपतो. पाऊस मुरला की हे वजन आणखी वाढते. भूकंपात जमीन आडवी हलते आणि छप्पर जितके जड तितका त्याचा भिंतींना बसणारा आडवा रेटा मोठा. रेटा वजनाच्या प्रमाणात वाढतो, हे भौतिकशास्त्राचे साधे सूत्र आहे.

यावरून आणखी एक गोष्ट उलगडते. त्या पहाटे अनेक ठिकाणी कुडाची, पाचटाच्या किंवा हलक्या छपराची घरे तगली आणि शेजारचे वाडे बसले. ज्यांची वाडा बांधण्याची ऐपत नव्हती अशी काही कुटुंबे त्यामुळे वाचली. यात कोणी समाधान मानू नये आणि कोणी त्याला न्यायही म्हणू नये. छप्पर हलके होते म्हणून ती माणसे वाचली. गरिबी हे काही भूकंपरोधक साधन नव्हे. तेच छप्पर वाऱ्यावादळात उडते आणि आगीत जळते.

जुने घर मजबूत करता येते

भूकंपानंतर राज्य शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ पासून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम राबवला. नवी गावे वसली ती सर्वांना दिसतात. त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग दुरुस्ती व मजबुतीकरणाचा होता. जी गावे जागची हलली नाहीत, तेथील एक लाखाहून अधिक घरांसाठी मालकाला मदत द्यायची, आणि त्याने अभियंत्याच्या सल्ल्याने आपले घर स्वतः मजबूत करून घ्यायचे, अशी ती योजना. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या गेल्या. साहित्य कसे पाहावे, काम कसे तपासावे, हे या स्त्रिया शिकल्या आणि त्यांनी इतरांना समजावले. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा आपल्या भागातील अशा स्त्रिया तिकडच्या स्त्रियांना धीर द्यायला आणि अनुभव सांगायला गेल्या. वैशालीच्या शिंप्याला जे मिळाले नव्हते ते या स्त्रियांनी दिले, असे म्हणण्यास हरकत नाही.

तरीही मजबुतीकरणाचे तंत्र आपल्याकडे रुजले नाही. अनेकांनी मिळालेल्या पैशात जुन्या घराला हात न लावता शेजारी विटांची एक खोली काढली. जुन्या घरात धान्य, जनावरे, कधी म्हातारी माणसे राहिली. आजही गावातून फिरले तर अशी माळवदे दिसतात. म्हणून ते तंत्र येथे थोडक्यात देतो. आणि प्रत्येक पायरीवर काम करणाऱ्याला काय धोका आहे तेही सांगतो, कारण आजवरच्या माहितीपत्रकांत घराविषयी पुष्कळ लिहिले जाते, पण घमेले वाहणाऱ्याविषयी क्वचितच.

पहिले काम छपराचा भार उतरवण्याचे. मातीचा थर साधारण वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटर, ठेवून बाकीची माती काढावी. त्याखाली प्लॅस्टिकचा कागद घातला की गळती थांबते आणि नवी माती टाकण्याचा मोह उरत नाही. वरच्या उदाहरणातील खोलीवरून अशी सुमारे ४४०० किलो माती उतरते. एका घमेल्यात २० किलो धरले तर २२० घमेली! ती कोणाच्या तरी डोक्यावरून, बहुधा एखाद्या बाईच्या डोक्यावरून, शिडी उतरून खाली येणार. म्हणून ती शिडीने डोक्यावरून उतरवूच नये. पत्र्याची घसरण किंवा दोर-कप्पी लावावी. माती काढण्याआधी खालून तुळयांना टेकू द्यावेत. वर चालणाऱ्याने थेट जुन्या लाकडावर पाय न देता आडव्या फळ्या टाकून त्यावर उभे राहावे, कारण वाळवीने पोखरलेली तुळई वरून धड दिसते. माती एका बाजूने ओढू नये, दोन्ही बाजूंनी सारखी काढावी. खाली घरात त्या वेळी कोणीही असू नये, चहा करायलासुद्धा नाही. पाऊस पडून गेल्यावर चार दिवस या कामाला हात लावू नये.

दुसरे काम दोन पदर जखडण्याचे. भिंतीत साधारण हातभर ते मीटरभर अंतरावर एकेक दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक पाडायचे, त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचे. हे झाले की दोन पदरांची भिंत एक भिंत होते. येथे गवंड्याचे कसब लागते. घणाचे घाव घालून भोक पाडले तर भिंत आतून सुटते आणि गवंड्यावरच येते. पहारीने टोकरत, दगड हलवत काढावा लागतो. एका भिंतीची सगळी भोके एकाच दिवशी पाडू नयेत. काही पाडावीत, भरावीत, पाणी मारून पक्की होऊ द्यावीत, मग पुढची. जुन्या दगडी भिंतीत विंचू आणि साप असतात, हे आपल्या गवंड्यांना सांगायला नको. पण उघड्या हाताने फटीत चाचपण्याची सवय सुटत नाही म्हणून लिहिले.

तिसरे, घराला कमरपट्टा बांधणे. दारे-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर भिंतीच्या आतून-बाहेरून जाळीची पट्टी खिळवून, दोन्ही बाजू आरपार तारेने बांधून, तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला की चारही भिंती एकत्र हलतात. गवंड्यांना उपमा द्यायची तर कडबा रचून वरून दोर आवळण्यासारखे हे आहे. लाकडी खांब आणि तुळई जेथे भेटतात तेथे तिरपे लाकूड किंवा लोखंडी पट्टी ठोकली की खण वेडावाकडा होत नाही.

याच वेळी, भिंतीला हात लागलेलाच आहे तर, स्वयंपाकघराला धूर जाण्याची वाट आणि झोपण्याच्या खोलीला समोरासमोर दोन झरोके करून घ्यावेत. ते कोपऱ्यापासून निदान दोन-अडीच फूट लांब असावेत म्हणजे कोपरा कमकुवत होत नाही. बिनखिडकीच्या कोंदट खोलीत एका माणसाचा क्षय साऱ्या घराला लागू शकतो. पागोळ्यांचे पाणी जोत्याशी मुरू न देता उतार काढून लांब न्यावे. मातीच्या जोडणीचा पहिला शत्रू पाणी आहे, भूकंप नंतरचा.

नवी घरेही निर्दोष नाहीत

रमाई आवास आणि इतर घरकुल योजनांमुळे आपल्या वस्त्यांत पक्की घरे उभी राहिली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण पक्के म्हणजे सुरक्षित, असा जो समज झाला आहे तो घातक आहे. अनुदानाचा हप्ता वेळेवर येत नाही, पावसाळा तोंडावर येतो, आणि मग घाईत विटांच्या भिंतीवर थेट स्लॅब पडतो. जोत्याचा पट्टा नाही, दारांच्या वरचा पट्टा नाही. सळईच्या रिंगा वीत-वीत अंतरावर, त्यांची टोके आत वळवलेली नाहीत. काँक्रीटमध्ये पाणी जास्त, कारण पातळ माल ओतायला सोपा. तीन दिवस पाणी मारून घरमालक थकतो; निदान सात दिवस, जमल्यास दहा-चौदा दिवस काँक्रीट ओले राहिले पाहिजे. पाण्याची टंचाई आपल्याकडे आहेच, तेव्हा स्लॅबवर मातीचे बांध घालून किंवा ओली पोती पसरून थोड्या पाण्यात काम भागवावे. पाणी नाही म्हणून उन्हाळ्यात स्लॅब टाकूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि पाच वर्षांनी मुलाच्या लग्नासाठी वर आणखी एक खोली काढताना खालच्या भिंती कशासाठी बांधल्या होत्या हे कोणी तरी विचारले पाहिजे.

सेंटरिंग लवकर काढल्याने होणारे अपघात नेहमी वाचनात येतात. त्यात दबणारा माणूस बहुधा बिगारी असतो, कारण खालच्या बल्ल्या काढायला त्यालाच पाठवतात.

छातीतील धूळ

घराची भेग डोळ्यांना दिसते. गवंड्याच्या फुप्फुसातील दिसत नाही. वाळू, काँक्रीट, ग्रॅनाइट, फरशी यांत सिलिका नावाचे खनिज असते. ते कापताना, घासताना, फोडताना त्याची इतकी सूक्ष्म धूळ उडते की ती डोळ्यांनी दिसत नाही. जी धूळ मिशांवर आणि भुवयांवर बसलेली दिसते ती जाड धूळ. ती नाकात अडकते, शिंकेतून बाहेर पडते. खरी घातक धूळ अदृश्य असते आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत जाऊन बसते. तेथे व्रण होतात, फुप्फुस हळूहळू ताठर होते. यास सिलिकोसिस म्हणतात. सहसा दहा-वीस वर्षांनी त्याची लक्षणे दिसतात : जिना चढताना धाप, कोरडा खोकला, अंगातील बळ जाणे. झालेले नुकसान कोणत्याही औषधाने भरून येत नाही. शिवाय अशा फुप्फुसाला क्षय फार लवकर धरतो. आपल्या भागातील काळ्या पाषाणात मोकळे सिलिका फारसे नसते, त्यामुळे जुन्या घरांचे दगड घडवणाऱ्या पिढीला हा धोका तुलनेने कमी होता. आज मशीनने फरशी आणि ग्रॅनाइट कापणाऱ्या तरुणाला तो पुष्कळ जास्त आहे. मशीन आले, काम झटपट होऊ लागले, पण धूळ अधिक बारीक झाली, हे कोणी त्याला सांगितले नाही.

तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. एन-९५ प्रकारचा, नाकावर घट्ट बसणारा मास्क लागतो. त्याहून मोठा उपाय पाणी आहे : कापताना पात्यावर बारीक धार सोडली की धूळ जागीच बसते. परंतु पाणी आणि वीज एकत्र आली की दुसरा धोका उभा राहतो. त्यासाठी गळती होताच वीज तोडणारे स्विच बोर्डावर असलेच पाहिजे, वायरला सांधे नसावेत, आणि उघडी टोके काडीने सॉकेटमध्ये खुपसण्याचा प्रकार बंद व्हावा. झाडू मारण्याआधी शिंपण करावे. घरी गेल्यावर कामाचे कपडे न झटकता बाहेरच काढावेत. लेकराला घेण्याआधी तोंड-हात धुवावेत.

ज्याला दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे त्याने सरकारी रुग्णालयात थुंकी तपासून घ्यावी. ही तपासणी आणि क्षयाचे औषध दोन्ही मोफत आहेत. डॉक्टरांना 'मी गवंडी आहे, इतकी वर्षे फरशी कापतो' हे न विचारता सांगावे. ते सांगितले नाही तर सिलिकोसिस आणि क्षय यांत गल्लत होते, आणि माणूस एकाच औषधाच्या फेऱ्यात अडकतो.

सिमेंटविषयी आपल्याकडे एक खोटा अभिमान आहे. हाताला घट्टे पडले, चिरा पडल्या म्हणजे पक्का गवंडी! ओले सिमेंट अल्कली असते. ते कातडी जाळते, पण लगेच दुखत नाही. संध्याकाळी गुडघ्यावर लाल चट्टा दिसतो तोवर आतपर्यंत जळलेले असते. स्लॅबच्या दिवशी चप्पल घालून मालात उभे राहणाऱ्या बायकांच्या पायांचे हाल पाहावेत. रबरी बूट आणि हातमोजे हे साहित्याचा भाग समजून थापी-ओळंब्याबरोबर मागून घ्यावेत. अंगाला सिमेंट लागले तर लगेच भरपूर साध्या पाण्याने धुवावे. भाजल्यावर तेल, हळद लावू नये. चुना किंवा सिमेंट डोळ्यात गेले तर न चोळता वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी आणि मग दवाखाना गाठावा.

परांचीवरून पडणे हा सर्वांत जुना अपघात. बल्ल्या काथ्याने बांधतात, वर एकच फळी, कठडा नाही. निदान दोन फळ्या शेजारी-शेजारी, टोकांना बांधलेल्या, आणि कमरेएवढ्या उंचीवर आडवा बांबू, इतके तरी गुत्तेदाराकडून करून घेणे हे मुकादमाचे काम आहे. पायाच्या खोल चरात उतरणाऱ्याने कडेला माती रचलेली नाही हे पाहावे. आपली काळी माती उन्हात दगडासारखी आणि पावसात लोण्यासारखी. एका रात्रीत चर ढासळतो.

आणि ऊन. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे बेचाळीस अंश ही बातमीही राहिलेली नाही. जड काम पहाटे आणि सायंकाळी, दुपारी बारा ते चार सावलीत, हा नियम शेतकरी बैलासाठी पाळतो. माणसासाठीही तो असावा. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी प्यावे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण मुलांनी पाठ करावे. मीठ वाढवू नये. काम करता करता माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापले, तोल जाऊ लागला तर त्याला दारू प्याल्याचे समजून बाजूला बसवू नये. तो उष्माघात आहे. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा.

स्त्रियांविषयी एक शब्द. निम्मे ओझे त्या वाहतात, मजुरी कमी घेतात, आणि दिवसभर लघवीला जाण्यास जागा नसते म्हणून पाणी पीत नाहीत. त्यातून मूत्रमार्गाचे विकार होतात, उन्हाचा त्रास दुप्पट होतो. कामावर पडदा लावलेली एक कोपऱ्यातील जागा आणि पाण्याची बादली, इतक्यानेही फरक पडतो. मागणारी एकटी असेल तर हसतात. मुकादमाने मागितले तर मिळते.

हक्क कोणत्या कागदावर आहे

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ मध्ये कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती झाली ती त्यांच्याच खात्याच्या कामातून. परंतु तो कायदा कारखान्याच्या भिंतीच्या आत होता. नाक्यावर उभा राहणारा बिगारी त्या भिंतीच्या बाहेर राहिला, आणि त्याच्यासाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा व्हायला १९९६ साल उजाडले. त्यानुसार बांधकामाच्या खर्चावर उपकर घेऊन तो पैसा कामगारांच्या कल्याणासाठी वापरायचा, असे ठरले. महाराष्ट्रात नियम २००७ मध्ये आणि मंडळ २०११ मध्ये अस्तित्वात आले : महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ. १९९६ च्या कायद्यातील तरतुदी आता केंद्राच्या २०२० च्या कामगार संहितांत घेण्यात आल्या आहेत. नोंदणीची मुख्य अट तीच आहे. वय १८ ते ६० आणि मागील बारा महिन्यांत निदान ९० दिवस बांधकामाचे काम.

नोंदणी झाल्यास मुलांच्या शिक्षणाला, बाळंतपणाला, गंभीर आजाराला, अपघाती मृत्यूनंतर कुटुंबाला साहाय्य मिळू शकते. हा पैसा दयेचा नाही, आपण बांधलेल्या इमारतींवर कापलेला आहे. असे असूनही खरा बिगारी बाहेर आणि ज्याने कधी थापी धरली नाही तो यादीत, असे प्रकार सर्वत्र ऐकू येतात. दलाल भांडीवाटपाच्या दिवशी भेटतो, ९० दिवसांच्या दाखल्याच्या दिवशी पैसे मागतो. कार्ड काढले तरी वेळेवर नूतनीकरण केले नाही तर अपघाताच्या दिवशी ते कागद ठरते.

अडचण बहुतेक वेळा ९० दिवसांच्या पुराव्याची असते. एका महिन्यात तीन गुत्तेदार, तीन गावे. कोणीच सही देत नाही. ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेकडे दाखला मागायला गेले तर 'काम कोठे केले?' या प्रश्नाला उत्तर नसते. यावर एक साधा उपाय आपल्या हातात आहे. रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास नववी-दहावीच्या मुलामुलींनी एकेक वही घेऊन बसावे आणि आठवडाभराची हजेरी मजुरांना विचारून लिहावी. तारीख, गाव, घरमालक किंवा गुत्तेदार, काम कोणते, मजुरी किती, मिळाली की बाकी. शेजारी दोन रकाने आणखी काढावेत : कामावर मास्क, बूट होते की नाही, खोकला, भाजणे, पडणे काही झाले का. शक्य असेल तेथे मुकादमाची सही त्याच आठवड्यात घ्यावी, कारण वर्षाअखेरीस तो पुण्याला गेलेला असतो. वहीच्या मागच्या पानावर त्या मजुराच्या स्वतःच्या घराची नोंद ठेवावी : छपरावर माती किती बोटे, भिंतीला भेग कोठे, पेन्सिलीने भेगेच्या टोकाशी तारीख लिहिली आहे काय, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर ती भेग त्या तारखेच्या पुढे गेली आहे काय.